अक्का, ती गाणी तुमचीच होती

आमच्या सुमनअक्का आयुष्यभर खोटं बोलल्या.

आज सकाळी त्या गेल्या, साक्रीत, राहत्या घरी. अशा दिवशी फक्त चांगलंच पोस्ट करायचं असतं म्हणे. मला नाही जमणार.

अक्का माझी थोरली नणंद. माहेर भडगाव, सासर साक्री. हळद असो की श्रावणातला कानबाईचा सण, गाणी म्हणायला अक्काच लागायच्या.

साक्रीत म्हणायच्या, "मना माहेरनं जुनं गानं शे."

भडगावात आल्या की तेच गाणं सासरचं व्हायचं.

वर्षानुवर्षं कुणाला पत्ता नाही.

मग त्यांच्याच मुलीच्या हळदीला दोन्हीकडच्या बायका एका मांडवात बसल्या. आम्ही भडगावच्यांनी साक्रीच्या बायकांना म्हटलं, तुमचं ते साक्रीचं गाणं होऊ द्या. त्या म्हणाल्या, आमचं कुठलं, ते तर भडगावचं ना?

अक्का लगेच चहा बघायला आत.

मी मागोमाग गेले. "अक्का, ही गाणी तुम्ही रचता?"

"हळू बोल वं."

"अहो, मग सांगत का नाही?"

"जुनं म्हनं का बाया गुपचूप ऐकतस. मनं म्हनं का खोड काढतीन. हासतीन."

डोकंच फिरलं माझं. एवढ्या बायकांसमोर माईक धरून गाणारी बाई, आणि टेन्शन कशाचं, तर कुणी हसेल याचं.

तेव्हापासून दर फोनला माझं तेच. सांगितलं का?

"नही. तू फोन ठेव."

मागच्या श्रावणात, त्यांच्या घरच्या कानबाईला, सांगितलं एकदाचं. मी शेजारीच होते.

"हाई गानं मनं शे. मी करेल शे."

समोरच्या एक काकू काय म्हणाल्या? "काहीतरीच. हाई तर मनी माय म्हने."

बाकीच्यांनी माना डोलावल्या.

म्हणजे कुणी हसलं नाही, खोड काढली नाही. विश्वासच ठेवला नाही. आता बोला.

मी भांडायला उठले, तर अक्कांनी पदर ओढून मला खाली बसवलं. आणि त्याच चालीत, तिथल्या तिथे, त्या काकूंवर एक कडवं रचून म्हटलं. नाव घेऊन. त्यांच्या नव्या फ्रिजसकट, जो त्या सुनेलाही उघडू देत नाहीत.

काकूच आधी हसल्या.

"आते पटनं. म्हन आखो एक कडवं."

अक्कांचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता तुम्ही.

पण एकच गाणं हो. त्यांच्या नावावर एवढं एकच. बाकीची त्यांची कुठली आणि खरंच जुनी कुठली, हे विचारलं की म्हणायच्या, "सांगसू ना, घाई काय शे?"

घ्या. आता कुणाला विचारू?

तर साक्री-भडगावच्या समस्त बायांनो, यापुढे हळदीत कुठलंही गाणं निघालं की मी आधी सुमनअक्कांचं नाव घेणार. सगळ्याच गाण्यांना. एखादं खरोखर जुनं असलं, तर असू दे. ज्यांना पटत नसेल त्यांनी माझ्याशी येऊन भांडावं.

या आता, अक्का. तुमच्या भावजयीचा नमस्कार.