बाबांनी ठोकलेला गुंड

मंडळी, सकाळपासून मन लागत नाही.

ऐंशीच्या दशकात बाबा घरी पाण्याचे पितळी गुंड ठोकायचे आणि भंडाऱ्याच्या एका दुकानात विकायला ठेवायचे. आज त्याच दुकानात गेलो, तर मोडीच्या ढिगात त्यांच्या हातचा गुंड दिसला. गळ्यावर ताईचं नाव. तिच्या लग्नातला! एवढ्या एकाच गुंडावर बाबांनी स्वतः नाव टाकलं होतं.

"तिचा पोरगाच देऊन गेला जी," दुकानदार म्हणाला.

ताई तुमसरला खाटेवर पडून आहे. फोन लावला. "ताई, बाबाचा गुंड कुठं आहे?"

"आहे न सैपाकघरात. पोरगा मले त्यातलंच पाणी देते. काहून रे?"

गुंड सोडवून स्टँडवर बसलो आहे. तुमसरची गाडी लागली आहे. सांगा, चढू की नको?