पिवळी राहिलेली टिकली

माश्यांच्या कारखान्यात मावशी बावीस वर्षं डबे भरत होत्या. जनावरांच्या जखमेत अंडी घालणाऱ्या माशीचा वंश संपवायचा, म्हणून इथे त्याच माश्या वाढवून, किरणांनी निर्बीज करून विमानातून सोडत; त्यांच्याशी जुळलेल्या रानातल्या माश्यांची अंडी मग फुटत नसत. किरण लागले की डब्यावरची पिवळी टिकली लाल होई.

त्या दुपारी एका डब्यावर टिकलीच नव्हती. घाईत मावशींनी रिकाम्या डब्याची लाल टिकली काढून त्यावर चिकटवली. गाडी धावपट्टीकडे गेली आणि किरण देऊन डबे बाहेर येतात तिथला केर काढताना त्यांना जमिनीवर गळलेली टिकली सापडली. ती पिवळीच होती. बहिणीचं वासरू त्यांनी पाहिलं होतं. नाळेतून याच माशीचे किडे आत शिरले आणि तिसऱ्या दिवशी खेळ खलास.

त्यांनी धावपट्टीवरच्या साहेबांना फोन लावला.

"साहेब, विमान थांबवा! एक डबा किरणांविना गेलाय."

"कोणता?"

"तेच तर कळत नाही. लाल टिकली मीच चिकटवली."

"मावशी, तीनशे डबे आहेत! सगळे भट्टीत घालू?"

"घाला. मग हवं तर मला कामावरून काढा."

पलीकडून नुसती विमानाची घरघर येत राहिली. मग साहेबांनी इंजिन बंद करायला लावलं आणि ती थांबली, तेव्हा कुठे मावशी मटकन खाली बसल्या.