हक्क सांगितल्याशिवाय अंगठा नको

मुजावर मॅडमनी माझ्याविरुद्धची तक्रार स्वतःच्या हातानं लिहिली होती.

त्या काल गेल्या. आज सकाळी माती झाली.

त्यांच्या घरातनं बाहेर पडल्यापासून गप बसवेना, म्हणून लिहितेय. मोठं झालंय. वाचायचं तर वाचा.

मी नोकरीला लागले ती घाटमाथ्यावरच्या एका तालुक्याच्या कचेरीत, पुरवठ्याच्या टेबलाला. म्हणजे रेशन कार्डाचं टेबल. मॅडम तिथं सीनियर. मी शिवाजी पेठेतली, तोंडाळ, पहिल्याच प्रयत्नात परीक्षा पास झालेली. वाटायचं, आपल्याला काय शिकवायचं राहिलंय!

मॅडमची एक पद्धत होती. धान्यासाठी अर्ज घेऊन कुणी आलं की त्याला समोर स्टुलावर बसवायच्या. घरात कोण कोण, कामधंदा काय, सगळं विचारून झालं की हमीपत्र पुढं.

पण सही नाही. अंगठाही नाही.

"थांबा पावणं. आधी तुमचा हक्क ऐका, मग जबाबदारी."

आणि सुरू.

"धान्य राज्यातल्या कुठल्याबी रेशन दुकानात मिळतंय. पावती मागून घ्यायची. घरात कोण नोकरीला लागलं, कोण वारलं, लेक सासरी गेली, तर आपणहून येऊन सांगायचं. धान्य इकायचं न्हाई. आणि आमचं काय चुकलं तर आमच्यावर तक्रार करायची. आता तुम्ही सांगा बघू."

समोरच्यानं सगळं आपल्या तोंडानं परत सांगेपर्यंत शाईचं पॅड सरकवायच्या नाहीत. तोंडी परीक्षाच म्हणा. म्हातारी माणसं अडखळायची, लाजायची. मॅडम परत पहिल्यापासून. लाइन दारापर्यंत गेलेली, आणि इकडं माझा जीव वरखाली.

"मॅडम, सगळं छापलंय की त्यावर," मी एकदा म्हणाले.

"छापलंय, व्हय. त्यास्नी वाचता येतंय का इचार."

एक दिवस मॅडम रजेवर होत्या. सर्व्हर सारखा बंद पडत होता, लाइन पार व्हरांड्यात. मी धडाधड अंगठे घेतले. "हितं करा. हं, पुढचं कोण?"

जेवणाच्या सुट्टीआधी लाइन संपली. काय फुशारकी वाटली होती मला!

त्या लाइनीत शेवंता मावशी होत्या. वरच्या वाडीतल्या. नवरा नाही, घरात एकट्या.

वर्षभरानं त्या परत आल्या.

"बाई, चार म्हयन्याचं रेशन ऱ्हायलंय माझं. एकदम द्या की."

लेकीच्या बाळंतपणाला इचलकरंजीला गेल्या होत्या. रेशन दुकान गावाकडं, म्हणून चार महिने धान्य उचललंच नव्हतं. मागचं मिळत नसतंय मावशी, मी नियम सांगून मोकळी झाले.

मॅडम शेजारच्या खुर्चीवरनं म्हणाल्या, "तिथल्या दुकानात का उचललं न्हाईसा?"

"तिथं मिळतंय व्हय?"

मी खाली बघायला लागले.

"मग खाल्लं काय मावशी?"

"लेकीच्यातच की. जावई तोंडानं काय बोलायचा न्हाई. पर दोनदा ताट घ्यायची लाज वाटायची. एकदाच जेवायची मी."

मॅडमनी जुना अर्ज काढायला लावला. त्यावर माझी सही.

"ह्यांना हक्क सांगितला होतास?"

"गर्दी होती मॅडम."

मॅडम मावशींकडं वळल्या.

"मावशी, चूक आमची हाय. गेलेलं धान्य मला देता येत न्हाई. पर आमच्यावर तक्रार करायचा हक्क हाय तुम्हास्नी. करणार का?"

"मला कुठं लिवता येतंय."

"मी लिवते."

आणि लिहिली की! कोरा कागद घेतला. माझं नाव घातलं. टेबल आपल्या ताब्यात म्हणून त्याखाली स्वतःचंही घातलं. मावशींना दोनदा वाचून दाखवलं, अंगठा घेतला आणि वर पाठवून दिली.

दोघींनाही नोटीस आली. मी पंधरा दिवस मॅडमशी बोलले नाही. डबासुद्धा वेगळा खाल्ला. घरी आईला सांगितलं, असली उलट्या काळजाची बाई बघितली नाही. मॅडमनी मात्र नोटिशीला एका ओळीत उत्तर दिलं. चूक झाली आहे.

राग ओसरला तेव्हा कुठं त्या एका ताटाचं खरं वाईट वाटायला लागलं. मग मी आपली डबा घेऊन मॅडमच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी खिमा पुढं सरकवला, मग मी मटण खात नाही हे आठवून हसून मागं घेतला आणि चटणी दिली. तो विषय परत कधी काढला नाही.

पुढं त्या रिटायर झाल्या. माझी बदली कोल्हापूरजवळच्या कचेरीत झाली, टेबल तेच, पुरवठ्याचं.

गेल्या आठवड्यात दवाखान्यात भेटायला गेले. ऑक्सिजन लावलेला, दोन शब्दांत धाप लागत होती. तरी विचारलं काय?

"सगळ्यास्नी सांगतीस न्हवं?"

"सांगते की मॅडम. सगळ्यांना."

त्यांनी माझा हात दाबला.

खोटं बोलले मी. त्याच दिवशी, त्यांना भेटायला लवकर निघायचं म्हणून, शेवटच्या चौघांचे अंगठे काहीही न सांगता घेतले होते.

मरायला टेकलेल्या माणसाला फसवलं. हे दुसरं कुणाला सांगू? शिव्या द्यायच्या तर द्या.

आज त्यांच्याकडनं निघाले ती घरी न जाता कचेरीत गेले. रविवार होता. शिपाईमामांकडनं किल्ली घेतली, चौघांचे अर्ज काढले. तिघं फोनवर सापडली. सगळं सांगितलं आणि तिघांकडनंही वदवून घेतलं. एक बाई म्हणाली, "सुट्टीदिवशी का ओ मॅडम?" मी परत पहिल्यापासून सांगायला लागले.

चौथे एक आजोबा आहेत. फोन नाही. नदीपलीकडच्या गावचा पत्ता आहे. उद्या अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय, पहिल्या एसटीनं जाणार.

मॅडम, तुमच्याशी खोटं बोलले. उद्या दुपारपर्यंत ते खरं होईल.

भरल्या डोळ्यांनी श्रद्धांजली.