साभार परतीची उपकारस्तुती

दौंड आणि शिरूर तालुक्यांत ज्या कुणा ख्रिस्ती माणसाने 'मलाही काहीतरी लिहावंसं वाटतं' एवढं तोंडातून काढलं, तो आमच्या दौंडच्या मामांच्या तावडीतून सुटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. रेल्वेतून निवृत्त झालेली माणसं कुंड्यांना पाणी घालतात, एकमेकांना गुडघे दाखवतात. मामांनी लेखक घडवायला घेतले. रविवारी चर्चमध्ये उपासना संपली की पाळकसाहेबांच्या आधी हे दाराशी हजर. हात मिळवायचा, "सलाम" म्हणायचं आणि हात न सोडता विचारायचं, "कथेचं काय झालं?" मंडळीतले काही होतकरू लेखक त्या धाकाने मागच्या दाराने जायला लागले.

मी रविवारपुरता दौंडला येतो, एरवी शिक्रापूरला खोली घेऊन राहतो, कंपनीत नोकरी करतो. तिथेही मामा एसटीने येऊन थडकायचे. माझी पहिली कथा त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचली. "आदामापासून कशाला सुरू केलंस रे? गोष्ट शिक्रापूरच्या चौकातली हाय. तिथं पोचेपर्यंत संपादक रिटायर व्हईल!" मग संपादकांना लिहिलेलं पत्र पाहिलं. ही कथा देवानेच माझ्याकडून लिहून घेतली, असं मी त्यात मोठ्या भक्तिभावाने लिहिलं होतं. मामा खवळले. "खोड ते आधी! चुका निघाल्या तर त्या बी त्याच्याच नावावर टाकणार व्हय?" एवढ्यावर भागलं असतं तर ते मामा कसले! मला केंदूरला त्यांच्या जुन्या दोस्ताकडे, आप्पांकडे नेलं. आप्पा शेतकरी, हिंदू, बायबलशी काडीचा संबंध नाही. "चर्चमधी कुणी बी आमेन म्हणतंय. आप्पा जागा ऱ्हातोय का बघ," हा मामांचा कायदा. आप्पा जिथे जांभई देतील तिथे मामा कानामागची पेन्सिल काढून काट मारणार. माझी पानंच्या पानं गेली आणि उरलेल्यात आप्पांचा डोळा लागला.

पण खरी कमाल पुढेच होती. आमच्यात बाळंतपण सुखरूप झालं, नोकरी लागली, की मंडळीला घरी बोलावून उपकारस्तुतीची प्रार्थना करतात. मामा ती नकारासाठी करायचे! कुणाचं लेखन 'साभार परत' आलं की मामांच्या घरी चटया अंथरल्या जायच्या, गीत, प्रार्थना, मग चहा आणि कांदाभजी. माझी फजिती अख्ख्या दौंडला भज्यांसकट कळायची. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटायचं. "मामा, छापून आल्यावर करा की हे," मी एकदा कुरकुरलो.

"छापून आल्यावर तू आपसूक नाचशील. परत आल्यावर माणसं लागत्यात."

पुढे माझी कथा खरंच छापून आली. मामांनी भजी सोडा, बिस्किटसुद्धा दिलं नाही. "पुढची कवा?" एवढंच विचारलं.

स्वतः मामांनी मात्र एकच कथा लिहिलेली, मामी गेल्यानंतर, मामींवरच. ती कुठेच पाठवली नव्हती. यंदा आम्ही सगळे हात धुऊन मागे लागलो, तेव्हा कुठे पाठवली. नंतर एका रविवारी मामा दाराशी नव्हते. पुढच्याही रविवारी नव्हते. मी घरी गेलो तर कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडलेले.

"गुडघा दुखतोय," म्हणाले. मी बसूनच राहिलो. मग भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "परत आली रे. तुझ्या मामीला परत धाडलं त्यांनी."

मी उठलो, शेजारून चटया आणल्या, भज्यांची ऑर्डर दिली, मंडळीला फोन लावले. संध्याकाळी घर भरलं. मागच्या दाराने पळणारेही आले. आप्पा केंदूरहून आले. "कुणी सांगितला होता हा कुटाणा?" मामा ओरडले, पण उठून बसले.

प्रार्थना झाल्यावर मी ती कथा वाचून दाखवली. सगळ्यांचे डोळे आप्पांच्या तोंडाकडे. आप्पांनी जांभई दिली नाही. वाचून झाल्यावर सगळ्यांत आधी तेच बोलले, "वैनी माझ्या चहात आलं जास्त घालायच्या. ते लिवलं न्हाईस."

मामांनी कानामागची पेन्सिल काढली, कागद गुडघ्यावर घेतला आणि लहान पोरासारखं विचारलं, "कुठं घालू रे?"