दुखण्याचं पेन

पहिल्यांदा नापास झाले तेव्हा वाटलं, निकालातच काहीतरी चूक असणार. परदेशात नर्स म्हणून जायचं तर इंग्रजीची चार भागांची परीक्षा द्यावी लागते. वाचणं, लिहिणं, ऐकणं यांत मी पास होते. बोलण्यात नापास. बोईसरच्या एका खाजगी इस्पितळात आठ वर्षं काढली होती. औषधांची नावं झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगितली असती. पण निकालाच्या खाली लिहिलं होतं, उच्चारांमुळे समजायला अडचण येते.

मग पालघरला एका निवृत्त शिक्षिकेकडे दर रविवारी जायला लागले. मॅडमनी आयुष्यभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलेलं. आता घराच्या पुढच्या खोलीत आम्हा चार-पाच नर्सेसना शिकवायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी वहीच्या कागदाची बारीक पट्टी फाडली आणि माझ्या ओठांसमोर धरली.

"म्हण, पेन. दुखण्याचं पेन."

"पेन."

पट्टी हलली नाही.

"हे लिहायचं पेन झालं. इंग्रजीतल्या प-मधून वारा बाहेर पडतो. आपला प आणि फ, यांच्या मधलं काहीतरी. आणि पुढे पे नाही, पेऽइ. म्हण."

"फेन."

बाकीच्या हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पट्टी सरळ केली आणि परत धरली.

माझं गाव सफाळ्याहून बरंच आत. घरी आम्ही 'आमी, तुमी'च बोलतो. नर्सिंगला गेले तेव्हा वसतिगृहातल्या मुली हसायच्या, म्हणून वर्षभर खपून मी 'आम्ही, तुम्ही' म्हणायला शिकले होते. आता पुन्हा तेच, दुसऱ्या भाषेत.

सुट्टीत घरी गेले तरी आरशासमोर कागद धरून बसायचे. एकदा शेजारी आई तांदूळ निवडत होती.

"काय फुकतेस गं मघापासून?"

"इंग्लिश शिकते."

"तुला येतं ना इंग्लिश? डॉक्टरांच्या चिट्ट्या वाचतेस तू."

"येतं. पण मी बोलते ते त्यांना कळत नाय."

आईने तांदळातला खडा काढून टाकला. "मग त्यांना सांग ना, नीट आयका म्हणून."

त्यानंतर महिन्याभराने, एका दुपारी ड्यूटी बदलायच्या वेळेला, एका कारखान्याचा ड्रायव्हर एका गोऱ्या माणसाला धरून आत घेऊन आला. नवीन मशीन बसवायला इंग्लंडहून आलेला इंजिनिअर. पन्नाशीचा असेल. चेहरा पांढराफटक, सदरा घामाने चिकटलेला. डॉक्टर वरच्या मजल्यावर ऑपरेशनमध्ये होते. ड्रायव्हरला हिंदीशिवाय काही येत नव्हतं. वॉर्डातल्या मावशींनी मला पुढे ढकललं. "सिस्टर, तुमी बोला. तुमी क्लासला जाता ना!"

मी त्याला कॉटवर बसवलं, नाडी धरली आणि विचारलं, "व्हेअर इज द पेन?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग खिशातलं पेन काढलं आणि माझ्या हातात दिलं.

मावशींना हसू फुटलं. मी पुन्हा विचारलं, सावकाश, वारा सोडून. त्याने कळलं नाही अशी मान हलवली. अ‍ॅलर्जी आहे का विचारलं, तर तो काहीतरी लांबलचक बोलला. परीक्षेच्या रेकॉर्डिंगमधलं इंग्रजी मला समजायचं, त्याचं समजेना. एकही शब्द हाताला लागला नाही. तो धापा टाकत होता आणि आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो.

शेवटी त्याने पेन परत मागून घेतलं, केसपेपर ओढला आणि मोठ्या अक्षरांत एक ओळ लिहिली. मी ती वाचली. इंग्रजी बोलणारं कुणीतरी आणा, कृपा करून.

प्रत्येक शब्द मला समजला. स्पेलिंगसकट.

मी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि खाली लिहिलं, मला इंग्रजी येतं. कुठे दुखतंय? केव्हापासून? कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे? त्याने कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि भराभर लिहायला लागला. छातीच्या मधोमध, सकाळपासून, डावा हातही दुखतो. अ‍ॅलर्जी अ‍ॅस्पिरिनची, घसा सुजून श्वास कोंडतो. अ‍ॅस्पिरिनच मी ट्रेमध्ये काढून ठेवली होती. छातीत दुखणाऱ्या पेशंटला डॉक्टर आधी तीच द्यायला सांगतात.

मी गोळी उचलून बाजूला ठेवली, ईसीजी काढला आणि तो कागद घेऊन वर धावले. तासाभरात त्याला अ‍ॅम्ब्युलन्सने मुंबईला हलवलं. दोन दिवसांनी ड्रायव्हर सांगून गेला की साहेब बरे आहेत. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी मान खाली घालून ऐकलं. मला ती पहिली ओळच दिसत होती. मी त्याच्यासमोर उभी राहून इंग्रजीतच बोलत होते, तेव्हा त्याने ती लिहिली होती.

दुसऱ्यांदा परीक्षा दिली. बोलण्याच्या भागात एक प्रसंग देतात आणि आपण नर्स म्हणून बोलायचं असतं. मुलाच्या ऑपरेशनला घाबरलेल्या आईला धीर द्यायचा होता. परीक्षकबाई आई झाल्या होत्या. वॉर्डात मी अशा बाईच्या खांद्यावर हात ठेवते, "घाबरू नका ताई, मी आहे इथे" म्हणते, आणि निम्मं काम होतं. इथे मात्र माझं सगळं लक्ष माझ्याच ओठांवर. बाईंनी दोनदा विचारलं, काय म्हणालात? तिसऱ्या वेळी मी तेच वाक्य मोठ्याने म्हटलं. धीर द्यायचं वाक्य, ओरडून.

पुन्हा नापास. या वेळी थोड्या गुणांनी.

निकाल सांगायला रविवारी लवकरच गेले. बाकीच्या आल्या नव्हत्या. मॅडमनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"खरं सांगू का तुला? मी आयुष्यात एकाही इंग्रज माणसाशी बोललेले नाही. रेडिओ ऐकून शिकले सगळं. तुझं कुठे चुकतं ते मला ऐकू येतं गं. ते सुधारायचं कसं, ते मात्र मला येत नाही. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

"असू दे, मॅडम," मी म्हटलं. त्या उठून आत गेल्या. आत नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. तेवढ्यात दोघी-तिघी आल्या, चपला काढून सतरंजीवर बसल्या, वह्या उघडल्या. त्यातल्या सर्वांत धाकटीने आतल्या दाराकडे पाहिलं आणि हळूच मला विचारलं, "ताई, आज क्लास आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.