यादी येईपर्यंत

ऐया, म्हणजे आमचे मालक, त्या सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसले होते, डावा हात छातीशी धरून. सदरा घामाने भिजलेला, तोंड राखेसारखं. आणि त्यांची बायको, आमच्या अम्मा, दार लावून त्याला पाठ टेकून उभ्या होत्या. फाटकापाशी पेपरवाले होते. ऐया आजारी आहेत हे बाहेर कळलं तर मंत्रिपद गेलं, असं अम्मांचं म्हणणं.

मागच्या सरकारात ऐया दिल्लीत मंत्री होते. मी त्यांच्या चेन्नईतल्या, नुंगंबाक्कमच्या घरी स्वयंपाकाला. आम्ही तंजावरकडचे मराठी. घराबाहेर पडलं की सगळं तमिळमध्येच. निवडणूक नुकतीच झाली होती आणि बरेच पक्ष मिळून सरकार होणार होतं. मी चौथी शिकलेली, पण त्या घरात एवढं कळलं होतं: शपथ राष्ट्रपती देतात, नावं पंतप्रधान पाठवतात, आणि ऐयांच्या पक्षाच्या वाट्याची नावं इथे चेन्नईत पक्षाचे प्रमुख ठरवतात. आदल्या दिवशी खुद्द पंतप्रधानांनी फोनवर सांगितलं होतं की तुम्ही हवे आहात, पण नाव तुमच्या पक्षाकडून यायला हवं. तेव्हापासून ऐया प्रमुखांच्या फोनची वाट बघत बसले होते. प्रमुखांना आजारी माणूस चालत नसे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून त्यांनी मागे एकाला वगळलं होतं.

माझा नवरा असाच गेला. हा हृदयाचाच झटका, मला शंका नव्हती.

अम्मा म्हणाल्या, फोन येऊ दे, मग नेऊ.

"मेलेल्या माणसाला कोणता पंतप्रधान मंत्री करतो, अम्मा?"

ऐया तेवढ्यातही चिडले. "तू भात बघ."

"भात झालाय. उठा."

अम्मा दारातून बाजूला झाल्या. मागच्या गल्लीत जाऊन मी ऑटो आणली. अम्मांनी एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. हॉस्पिटलात त्यांना लगेच आत घेतलं. अम्मांनी मला परत पाठवलं, फोनपाशी कोणीतरी हवं म्हणून.

दुपारी तो वाजला. पक्षाच्या कचेरीतला माणूस होता. ऐयांना सांगा, म्हणाला, यादी सकाळीच दिल्लीला गेली, त्यांचं नाव त्यात नाही. म्हणजे ऐया छाती धरून बसले होते तेव्हाच सगळं ठरून गेलं होतं. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

हॉस्पिटलात जाऊन अम्मांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि विचारलं, यांना कोण सांगणार. ऐयांना मीच सांगितलं. शुद्धीवर आल्यावर, दुसऱ्या दिवशी. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

ऐया त्या झटक्यातून वाचले.