शिरवळच्या मंडळीत दोनदा स्वागत

टेम्पो दारात येऊन उभा राहिला तेव्हा आत्या गोठ्यात शेण काढत होत्या. सामान चढून होईपर्यंत त्या काही बाहेर आल्या नाहीत. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. लोखंडी कॉट, कपाट, गॅसची शेगडी, माझ्या नवऱ्याची, प्रकाशची पुस्तकं आणि त्याची बाजाची पेटी एवढंच आमचं सामान. दोऱ्या मामांनी स्वतः आवळल्या. माझे सासरे फौजेतून हवालदार होऊन आलेले. सामान बांधायच्या बाबतीत त्यांचा दुसऱ्या कुणावर भरवसा नसे. शेवटी आत्या आल्या, ओले हात पदराला पुसत. ज्वारीचं पोतं आणि गुळाची ढेप त्यांनी ड्रायव्हरशेजारी ठेवायला लावली आणि प्रकाशला म्हणाल्या, "लोकांची पोरं सांभाळाया चाललायस. सांभाळ. पर सणावाराला घरला तोंड दिसू दे."

मला काही म्हणाल्या नाहीत. टेम्पो उसाच्या कडेनं वळला, तेव्हा मागं बघितलं तर त्या परत गोठ्यात शिरत होत्या.

कडेगावपासून थोडं आत आमचं गाव. गावात आमची ख्रिस्ती घरं मोजकी, पाण्याच्या टाकीमागं एका रांगेत. माझं माहेर माण तालुक्यात, दहिवडीच्या बाजूला. माझे वडील सगळी उमर मुंबईला गोदीत होते. सुट्टीला आले की पहिले दोन दिवस आम्ही पोरं त्यांना बुजायचो. त्यामुळं माणूस कामासाठी लांब राहतो हे मला नवं नव्हतं. बाई कामासाठी लांब राहते, हे मात्र आमच्याकडं कुणी बघितलं नव्हतं.

हे मी घरी राहिलेल्यांसाठी लिहितेय, आणि शिरवळच्या रूमवर राहणाऱ्या माझ्या पोरापोरींसाठीही, कारण दोघांनाही मी कधी नीट सांगितलेलं नाही.

शिरवळच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांना, तरुणांत काम करायला सेवक हवा होता. प्रकाशनं धर्मशिक्षणाचा कोर्स केलेला, आवाज चांगला, पेटी वाजवायचा. त्याला बोलावणं आलं. शिरवळ पुणे-सातारा हायवेवरचं, कंपन्यांचं गाव. तिथलं चर्च म्हणजे हायवेपासून आत एक पत्र्याचा हॉल. पाळकसाहेब रविवारी वाईहून यायचे. बाकी सगळा कारभार सेक्रेटरी भास्करकाकांच्या हातात. ते एका कंपनीच्या स्टोअरमधून रिटायर झालेले, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं.

पहिल्या रविवारचं आमचं स्वागत मला एखाद्या लग्नाच्या रिसेप्शनसारखं वाटलं. प्रकाशला हार, शाल. मला लीलाकाकूंनी, म्हणजे भास्करकाकांच्या मंडळींनी, जवळ ओढून गजरा माळला आणि कानात म्हणाल्या, "आमाला मूलबाळ न्हाई. तू आलीस, बरं झालं." भास्करकाकांनी भाषण केलं की आता आपल्या तरुणांना मेंढपाळ मिळाला. टाळ्या झाल्या. उपम्याच्या प्लेटा फिरल्या. प्रकाश मात्र हॉलभर नजर फिरवत होता. घरी आल्यावर म्हणाला, "सुनीता, ज्यांच्यासाठी आपल्याला बोलावलंय ते हॉलमध्ये नव्हतेच गं."

खरंच नव्हते. काही कंपनीत पाळीवर होते आणि काही पाळी संपवून झोपलेले. जालना, नांदेड, बीड, ओरिसा, कुठून कुठून आलेली ही पोरं ठेकेदाराकडं कामाला होती आणि कॉट बेसिसवर राहायची. म्हणजे खोली नव्हे, नुसती कॉट भाड्यानं. दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच्याच गरम गादीवर रात्रपाळीवाला आडवा व्हायचा. मुलींचं थोडं बरं होतं, इतकंच. कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. मग प्रकाशनं गुरुवारी दुपारी हॉल उघडायला सुरुवात केली. आधी गाणी, मग बायबलमधलं वचन, मग जेवण. मी ज्वारीच्या भाकरी करायची, आत्यांच्या पोत्यातल्या. जेवण होईपर्यंत निम्मी पोरं भिंतीला टेकून झोपलेली असायची. भास्करकाकांना ते आवडायचं नाही. प्रकाश म्हणायचा, "झोपू द्या काका. देवाच्या घरात झोप लागती, हे काय वाईट हाय?"

वर्ष असंच गेलं. त्या वर्षाबद्दल मला फार लिहिता येत नाही. सुख होतं, एवढंच.

मनोज म्हणून जालन्याचा एक पोरगा होता, प्लास्टिकच्या कंपनीत. त्याला डेंग्यू झाला आणि त्याला साताऱ्याला सरकारी दवाखान्यात हलवलं. तिथून त्यानं प्रकाशला फोन केला, "दादा, इथं माझ्याजवळ कुणीच नाही." प्रकाशनं लगेच गाडी काढली. मी मऊ भाताचा डबा बांधून दिला. दुपारी त्याचा फोन आला की मनोजनं दोन घास खाल्ले, आता निघतो. मी म्हटलं, सावकाश ये.

चारच्या सुमाराला भास्करकाका आणि लीलाकाकू दारात आले. दोघं बरोबर कधी यायचे नाहीत. काकू आत आल्या, शेगडीवर दूध तापत होतं त्याखालचा गॅस त्यांनी बंद केला, आणि मग माझे दोन्ही हात धरले. मला तेव्हाच कळलं. खंबाटकीच्या बोगद्याच्या अलीकडं मागून आलेल्या ट्रकनं त्याला उडवलं होतं. दवाखान्यात न्यायचीसुद्धा वेळ आली नाही.

त्याला गावी न्यायचं हे कुणी ठरवलं नाही, ते ठरलेलंच होतं. शिरवळला आमच्या मंडळीला दफनभूमी नाही. ज्याचा त्याचा माणूस ज्याच्या त्याच्या गावी जातो. गुरुवारची पोरं आली, मिळेल त्या गाडीनं. काहींना रजा मिळाली नव्हती तरी आली. त्यांचं काम नंतर गेलं. शवपेटी कबरीत सोडली तेव्हा ती पोरं हमसून रडायला लागली आणि आत्यांनी मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "यांच्यापायी गेला माझा ल्योक."

पोरं तिथंच खाली बसली. मी त्यांना उठवायला गेले नाही. मला त्या वेळी आत्यांचंच बरोबर वाटत होतं.

पुढं काही महिने मी गावीच होते. आत्यांनी आपली कॉट माझ्या कॉटला लावून घेतली. मला काही कमी पडू दिलं नाही. केसांना तेल लावून द्यायच्या, पानात आधी मला वाढायच्या. पण मला शेजारच्या घरीसुद्धा जाऊ द्यायच्या नाहीत. एकदा मी माहेरी दहिवडीला जाऊन येते म्हणाले, तर पदराचं टोक तोंडात धरून रडल्या. म्हणाल्या, "तू हाईस म्हणून घरात त्याचं काय तरी हाय. तू बी गेलीस तर मी कुणाकडं बघू?"

इकडं शिरवळच्या पोरींचे फोन यायचे. ताई, गुरुवारी हॉलची किल्ली देत नाहीत. ताई, आम्ही हायवेच्या पुलाखाली बसलो होतो आज. एकदा लीलाकाकूंचा फोन आला, "प्रकाशचं काम तू करशील का? कमिटीत मी बोलते."

मंडळीत सांगायची पद्धत अशी आहे की, मला देवाचं बोलावणं आलं. मला तसं काही ऐकू आलं नाही. मला एवढंच कळत होतं की या घरात मी प्रकाशची मागं राहिलेली वस्तू म्हणून राहणार, जपून ठेवलेली, आणि त्यात आत्यांचं प्रेम खरं असणार. ते खरं होतं म्हणूनच मला जास्त भीती वाटत होती.

मी जाते म्हणाले त्या दिवसापासून आत्या माझ्याशी बोलल्या नाहीत. शेवटी एकच वाक्य, तेही चुलीकडं तोंड करून, "म्हंजे त्याची राखण आमी म्हाताऱ्यांनीच करायची व्हय?" मामा मला एसटीपर्यंत सोडायला आले. गाडी लागली तेव्हा म्हणाले, "तिचं मनावर घिऊ नको. न्हाईतर घे. काय बी कर, पर पोचलीस की फोन कर."

शिरवळला कमिटीची बैठक बसली. मला बाहेर पायरीवर बसायला सांगितलं होतं. पत्र्याच्या हॉलमधलं बाहेर सगळं ऐकू येतं. भास्करकाकांचा आवाज पहिला. "माझा व्यक्तिशः विरोध नाही. पण तरण्याताठ्या पोरांच्या रूमवर एकटी बाई जाणार. त्यात नवरा गेलेली. लोक काय म्हणतील?" कुणीतरी हो ला हो मिळवलं. मग लीलाकाकू म्हणाल्या, "लोक काय म्हंत्यात ते मी बाजारात रोज ऐकते. तुमी काय म्हंताय ते सांगा. तिनं दिवसभर घरात बसून काय करायचं, ते बी सांगा." शेवटी असं ठरलं की मला तात्पुरतं ठेवायचं, आणि रूमवर जाताना काकूंनी बरोबर असायचं.

पुढच्या रविवारी माझं दुसऱ्यांदा स्वागत झालं. हॉल तोच, माणसं तीच. या वेळी मागच्या बाकांवर माझी पोरं होती, पाळी बदलून आलेली. शाल पाळकसाहेबांनी दिली. टेबलावर शेवंतीचा हार आणून ठेवलेला होता, मला दिसत होता. भास्करकाकांनी तो हातात घेतला, बायकांच्या बाजूला बघितलं. एक बाई उठली आणि परत बसली. नवरा गेलेल्या बाईला हार घालायचा की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते विचारायची कुणाची हिंमत नव्हती. काकांनी हार परत टेबलावर ठेवला. तो तिथंच राहिला. मग स्तोत्र म्हटलं. पेटी वाजवायला कुणी नव्हतं.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणाले, गुरुवारी हॉल दुपारी उघडेल. आणि खाली बसले. लोकांना ते उद्धट वाटलं, असं नंतर कळलं. माझ्या तोंडून तेवढंच निघालं.

मनोज त्यानंतर काही आठवड्यांनी आला. अपघातापासून तो कुणाला दिसला नव्हता. फोन बंद, रूम बदललेली. मी भाकऱ्या थापत होते. तो दाराबाहेर उभा, वाळून काटकी झालेला. मी आत ये म्हणाले. आला नाही. उभ्यानंच बोलला, "ताई, मी तो फोन केला नसता तर?"

त्याला काय सांगायचं हे मी किती दिवस मनात जुळवलं होतं. तुझा काही दोष नाही, देवाची इच्छा, असलं सगळं. पण त्याच्या तोंडाकडं बघून ते बोलवेना. म्हणाले, "मला पण तसंच वाटतं रे. रोज वाटतं. मी पण त्याला जाऊ नको म्हणू शकत होते. तरी तू ये. जेवून जा."

तो आत आला, ताटावर बसला, आणि जेवला नाही. पुढं तीन-चार गुरुवार आला, कोपऱ्यात बसून गेला. मग कळलं, तो काम सोडून जालन्याला गेला. तिकडं बापाबरोबर वीटभट्टीवर आहे म्हणतात. मी फोन लावते. कधी उचलतो. बोलत नाही, नुसता श्वास ऐकू येतो. मी आपली गुरुवारचं सांगत राहते, कोण आलं, काय गायलं.

आता माझं तात्पुरतं राहिलेलं नाही. कसं कायम झालं ते कुणी ठरवलेलं आठवत नाही. काकूंचे गुडघे गेले, तशी मी एकटीच रूमवर जाते. पोरं येतात, वर्षभरात ठेकेदार बदलतो, पोरंही बदलतात. नाव पाठ होईतो माणूस गेलेला असतो. एका पोरीनं मागच्या महिन्यात रूमवर औषध घेतलं. वाचली, पण घरचे घेऊन गेले. माझं बोलणं आता गावाकडच्यांना समजत नाही. मी ओव्हरटाइमला ओटी म्हणते, गेटपास, ब्रेक असलं बोलते आणि मामा हसतात. आणि इकडच्या पोरांना मी 'व्हय' म्हणाले की ती हसतात.

यंदा प्रकाश गेला त्या तारखेला गावी गेले. आत्यांनी भाकरी वाढली. सकाळी आम्ही दोघी दफनभूमीत गेलो. कबरीवर कुंदा आणि गाजरगवत माजलं होतं. त्या एका बाजूला बसल्या, मी दुसऱ्या. दोघींच्या मध्ये तो. बराच वेळ आम्ही गवत उपटत होतो. आत्यांच्या हातात आता जोर राहिलेला नाही. मुळासकट गवत निघत नाही, नुसती पानं तुटून येतात. त्यांच्या बाजूचं मी काढायला लागले तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. मग उजवीकडच्या मोकळ्या जागेवर तळवा ठेवून, इतक्या दिवसांनी माझ्या तोंडाकडं बघून म्हणाल्या, "ही जागा माझी. मी मामास्नी सांगून ठिवलंय. तुझी तू तिकडंच बघ."

मला वाटलं होतं, त्यांनी मला घरातून काढलं की मी रडेन. रडले नाही. बरं म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि मला तेच लागलं. त्यांनी नुसता हिशेब पुरा केला होता. जी राहिली तिला जागा, जी गेली तिला नाही. त्यांच्या जागी मी असते तरी दुसरं काय म्हणाले असते?

शिरवळला परत आल्यावर मी भास्करकाकांना म्हणाले, "काका, आपल्या मंडळीला दफनभूमीची जागा मागायला हवी. ग्रामपंचायतीत अर्ज देऊ." काका चष्मा काढून माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "अगं, तू अजून तिशीची न्हाईस. तुला कसली घाई?"

घाई नाही. पण आम्ही सगळे इथं भाड्यानं राहतो आणि मरायला गावी जातो, आणि आता माझ्यासारखे काहीजण असे होणार की ज्यांना तिकडं घेणार नाहीत. अर्ज दोनदा परत आलाय. एकदा जागा नाही म्हणाले, एकदा लोकांचा विरोध आहे म्हणाले. गुरुवारच्या सभेनंतर मी आणि दोन-तीन पोरं ओढ्याकडेच्या पडीक जमिनी बघत फिरतो. दगडगोट्यांची असली तरी चालेल, बाभळी असल्या तरी चालतील.

आत्या, हे तुम्हाला मामा वाचून दाखवतील. तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही सांगितलंत तशी माझी जागा मी इकडंच बघतेय. अजून मिळालेली नाही.